वाचनालयातले चार जुने पीसी: कोणती सिस्टीम बसली, कोणती काढावी लागली

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावातलं 'क' वर्ग वाचनालय. चार संगणक, सगळे पंधरा वर्षांच्या आसपासचे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या चारांपैकी एकावरही चढत नाही: टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही यादीबाहेरचे. म्हणून विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची; तिचे प्रकार अनेक, त्यांतला कोणता हा प्रश्न. हातात ८,००० रुपये आणि शनिवार-रविवार. नोंदी त्या त्या दिवशी लिहिल्या आहेत, त्यामुळे आधी घेतलेला निर्णय पुढे फिरवलेला दिसेल. तो तसाच ठेवला आहे.

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आज नवं काही टाकलं नाही, नुसती झाकणं उघडून मोजदाद.

नंबर १ आणि २ जुळे: कोअर २ ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ ची २ जीबीची एकच पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा, ३२० जीबीची हार्डडिस्क. नंबर ३: पेंटियम ड्युअल-कोअर ई५३००, जी३१ बोर्ड, डीडीआर२ च्या १ जीबीच्या दोन पट्ट्या, १६० जीबी डिस्क. नंबर ४ म्हणजे नेटबुक: अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम.

पहिला प्रश्न ६४-बिटचा. नंबर ३ वर ३२-बिट विंडोज ७ होती, म्हणून मशीनही ३२-बिट असं सगळे धरून चालले होते. तसं नसतं, रॅम २ जीबी असली की दुकानदार ३२-बिट विंडोज टाकून मोकळे व्हायचे. जुन्या पेनड्राइव्हवर अँटीएक्स या हलक्या लिनक्सची लाईव्ह आवृत्ती (डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालणारी) होती, ती सुरू करून एलएससीपीयू ही कमांड दिली. 'सीपीयू ऑप-मोड'च्या ओळीत ३२ आणि ६४ दोन्ही आले. एन२७० तेवढा खरोखर ३२-बिट. हे आधी पाहून घ्यावं, कारण लिनक्सच्या प्रकारांची अर्धी यादी इथेच गळते. उबंटू, लुबंटू आणि मिंटच्या मुख्य आवृत्तीने ३२-बिट केव्हाच सोडलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट इन्स्टॉलरच नाही.

नंबर ३ सुरुवातीला सुरूच होईना. लांब बीप, पडदा काळा. रॅम काढली तर सोनेरी पट्ट्यांवर हिरवट-काळे ठिपके, पितळेच्या समईवर पावसाळ्यात चढतात तसे. खाऱ्या हवेचं काम. पांढऱ्या मऊ खोडरबराने दोन्ही बाजू घासल्या (शाईचा निळा खरखरीत रबर वापरू नये, सोन्याचा मुलामाच निघतो), वर आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्लॉटमध्ये कोरडा टूथब्रश. सुरू झालं. एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, पंखा त्यामुळे अडत होता. ते खरवडून काढायला पाऊण तास.

नंबर १ ला बटण दाबल्यापासून काम करण्याजोगा डेस्कटॉप यायला ४ मिनिटं १० सेकंद. नंबर २ ला ९ मिनिटं. मशीन जुळी असून दुप्पट वेळ का, ते उद्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

डिस्क तपासल्या, स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, आकडेवारी काढून. पाहायच्या ओळी दोनच: क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) आणि क्रमांक १९७ म्हणजे वाचता न येणारे, वाट पाहणारे सेक्टर. नंबर १ वर दोन्ही शून्य. नंबर २ वर १९७ समोर ४८. नऊ मिनिटांचं कारण हेच: डिस्क एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि सगळं थांबून राहतं. यावर कुठलीही हलकी सिस्टीम टाकली असती तरी ती रखडलीच असती, आणि आम्ही सिस्टीमला शिव्या दिल्या असत्या.

नंबर २ ची डिस्क आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. ३ तास ४० मिनिटं. वार्षिक कार्यक्रमाचे काही फोटो गेले, बाकी आलं. मरू घातलेल्या डिस्कवर साधं कॉपी-पेस्ट करत बसू नये. एका वाईट फाईलपाशी अडकतं आणि तेवढ्यात डिस्क आणखी खचते.

तिन्ही डेस्कटॉपवर तारीख १ जानेवारी २००९. सीएमओएसचा, म्हणजे बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा, सेल मेलेला. किरकोळ वाटतं, पण तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो, आणि लिनक्समध्ये पॅकेजची यादी 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते. सीआर२०३२ सेल ४० रुपयाला एक, तीन घेतले. सेलची पत्रीसुद्धा गंजलेली होती, ती बारीक पॉलिश पेपरने पुसली.

१ नोव्हेंबर, शनिवार

अख्खा दिवस डाउनलोडमध्ये गेला. वाचनालयात ब्रॉडबँड नाही, मोबाईलचा रोजचा दीड जीबीचा पॅक. मिंटची एक्सएफसीई (हा हलका डेस्कटॉप) असलेली आवृत्ती पावणेतीन जीबीच्या पुढे, लुबंटू तीनच्या आसपास. ब्राउझरमधून मिंट उतरवताना रेंज गेली, फाईल अर्धवट, पुन्हा शून्यापासून. दुसऱ्यांदा 'पूर्ण' झाली, पण शा-२५६ बेरीज (फाईल जशीच्या तशी आली का ते ताडणारा आकडा) जुळली नाही. शेवटी डब्ल्यूगेट या उतरवण्याच्या कमांडला 'सी' हा पर्याय देऊन उतरवली. तो तुटलं तिथून पुढे चालू ठेवतो. जादा डेटा पॅक १२० रुपये. ज्यांच्याकडे हीच परिस्थिती आहे त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याला जावं आणि कुणाच्या तरी फायबरवरून सगळं एकदम आणावं. पुढच्या वेळी आम्ही तेच करणार.

पेनड्राइव्ह बनवतानाही चूक. रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये जीपीटी आणि यूईएफआय ही नव्या मशीनची पद्धत निवडली गेली. जी४१ आणि जी३१ च्या बोर्डांवर जुना बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम), त्याला ते समजत नाही: काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर आणि पुढे काही नाही. एमबीआर ही जुनी पद्धत निवडून पुन्हा लिहिला. मग बूटच्या यादीत पेनड्राइव्ह दिसेना. या काळातले बायोस पेनड्राइव्हला 'रिमूव्हेबल'मध्ये दाखवत नाहीत. तो 'हार्ड डिस्क ड्राइव्ह'च्या यादीत आत जाऊन वर चढवावा लागतो. पुढचे यूएसबी पोर्ट सैल आहेत, मागचे वापरले. संध्याकाळी व्हेंटॉय टाकला आणि एकाच १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर सगळ्या आयएसओ (सिस्टीमच्या फाइली) ठेवल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. नंबर १ वर चारही सिस्टीम लाईव्ह चालवून रॅम मोजली आणि दुपारी सगळे आकडे फेकून दिले. लाईव्ह चालताना बदललेल्या फाइलीही रॅममध्येच राहतात, त्यामुळे आकडा फसवा येतो. जुन्या हार्डडिस्कवर एकेक खरोखर बसवून पुन्हा मोजलं. पद्धत: लॉगइननंतर तीन मिनिटं थांबून 'फ्री' या कमांडने वापरलेली रॅम पाहायची, मग फायरफॉक्समध्ये तेच तीन टॅब उघडायचे: ईमेल, एक सरकारी पोर्टल, एक मराठी दैनिक.

अँटीएक्स २३, आइसडब्ल्यूएम या साध्या डेस्कटॉपसह: रिकामं २१० एमबी, तीन टॅबनंतर १,१८०. डेबियन १३ एक्सएफसीईसह: ६२० आणि १,५९०. लुबंटू २४.०४: ६४० आणि १,६००. मिंट २२.२ एक्सएफसीई: ८६० आणि १,८३०, म्हणजे २ जीबीत जवळजवळ काठोकाठ, स्वॅप (रॅम पुरेना की डिस्कचा आधार) सुरू.

आकड्यांकडे नीट पाहिलं तर ब्राउझर सगळीकडे ९७० च्या आसपास खातो. त्यात दैनिकाचा एकटा टॅब ४१० एमबी. यूब्लॉक ओरिजिन टाकल्यावर तोच टॅब १९० वर आला. डेबियन सोडून लुबंटू घ्यावं की लुबंटू सोडून डेबियन, यावर लोक जेवढं भांडतात त्याच्या दहापट फरक एका जाहिरात-रोधकाने पडला.

हे दिसत असूनही आम्ही सगळ्यात खालचा आकडा पाहून भाळलो. पुढची नोंद त्याचीच.

८ नोव्हेंबर, शनिवार

तिन्ही डेस्कटॉपवर अँटीएक्स. प्रत्येकी बारा-पंधरा मिनिटं. चपळ. नंबर ३ सुद्धा जुन्या डिस्कवरून ५५ सेकंदांत उभा. दुपारी दोनला सगळं आटपून चहा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभराच्या तक्रारी वाचनालयातल्या मॅडमनी वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्या इथे उतरवतो. लेखनिक तात्यांचा पहिल्याच दिवसाचा प्रश्न: "माझी फाईल खंय गेली?" फाईल जागेवरच होती. पण आइसडब्ल्यूएमचा डेस्कटॉप आणि फाइलींची खिडकी दोन्ही वेगळी. तिथे एका क्लिकने फाईल उघडते. हात सवयीने दोनदा क्लिक करतो, की तीच फाईल दोनदा उघडायला जाते आणि लिब्रेऑफिस 'ही फाईल आधीच उघडी आहे' म्हणून अडून बसतं. पेनड्राइव्ह लावला की खिडकी आपोआप येत नव्हती. ते चालू करता येतं, आम्ही केलं नव्हतं. वायफाय, आवाज, पडद्याची तीव्रता यांच्या खिडक्या वेगवेगळ्या ठिकाणी. अँटीएक्सची चूक म्हणता येणार नाही, ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना हे सगळं आवडतं. इथे मात्र दिवसातून चार वेळा कुणाला तरी उठून जावं लागत होतं, आणि वाचवलेले ४०० एमबी कुणाच्याही कामाला येत नव्हते.

निर्णय फिरवला. तिन्ही डेस्कटॉपवर एकच सिस्टीम, एकच मेनू, खाली डावीकडे किंवा वर डावीकडे, पण सगळीकडे तिथेच. एक्सएफसीई. मिंट की डेबियन? नंबर १ आणि २ वर मिंट छान चालेल, नंबर ३ च्या २ जीबीत अडखळेल. म्हणून डेबियन १३. त्याचा दीर्घ आधार जून २०३० पर्यंत आहे. तोवर ही मशीन टिकली तर नवल. गेलेला वेळ: एक शनिवार आणि वाचनालयाचा एक आठवडा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रॅमचा घोळ. नंबर १ आणि २ साठी ४ जीबीच्या डीडीआर३ १६०० च्या दोन नव्या पट्ट्या ऑनलाइन मागवल्या होत्या. लावल्या तर पडदा काळा, बीप. जुनी लावली की सुरू. पट्ट्या खराब नव्हत्या. जी४१ चिपसेट २ गीगाबिटपर्यंतचीच (८ गीगाबिट म्हणजे १ जीबी) मेमरी चिप ओळखतो. ४ जीबीची पट्टी अशा चिपची करायची तर १६ चिप लागतात, आठ या बाजूला, आठ त्या बाजूला. नव्या पट्ट्यांवर ४ गीगाबिटच्या आठच चिप असतात, एका बाजूला. त्या हा बोर्ड घेत नाही. लेबलवर वाचायचं: २आरएक्स८ असेल तर चालेल, १आरएक्स८ असेल तर नाही. लेबल पुसलं असेल तर पट्टी हातात घेऊन चिप मोजायच्या.

नव्या परत केल्या, परतीच्या कुरिअरचे १४० बुडाले. कोल्हापूरच्या एका सेकंडहँडवाल्याला फोन करून "सोळा चिपची, दोन्ही बाजूंना" असं सांगितलं. त्याला लगेच कळलं. ३५० प्रमाणे दोन, एसटीने पार्सल ८० रुपये, दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर. जुनी २ आणि नवी ४ मिळून ६ जीबी. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी रात्रभर लावली, चूक शून्य. सेकंडहँड रॅमला ही फेरी टाळू नये.

१६ नोव्हेंबर, रविवार

नंबर १ वर एसएसडी आणि डेबियन. एसएसडी १२८ जीबी, १,४५० रुपये. अडीच इंची एसएसडीला कॅबिनेटमध्ये खाच नाही. एका बाजूला दोन स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला केबल टाय, पुरे. फिरणारा भाग नसल्याने हलली तरी काही होत नाही.

डेबियनचा छोटा नेट-इन्स्टॉल आयएसओ आठशे एमबीच्या आत. इंटरनेट म्हणून फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं; इन्स्टॉलरने त्याला नेटवर्क कार्ड म्हणून सरळ ओळखलं. इथे तीन जागा सांभाळायच्या. रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड रिकामा सोडावा, म्हणजे पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामं करायचा, अधिकार आपोआप मिळतो. भरला तर तो नंतर हाताने द्यावा लागतो. पार्टिशन हाताने करावं. आपोआप ठेवलं तर स्वॅप डिस्कच्या अगदी शेवटी जाऊन बसतो, आणि पुढे क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करताना तो आडवा येतो. आणि सॉफ्टवेअरच्या यादीत एक्सएफसीईवर खूण करताना ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवरची खूण काढावी. आम्ही काढली नाही. दोन्ही उतरले, सव्वा तास आणि जवळपास दीड जीबी डेटा जादा, लॉगइनला ग्नोम समोर. पुन्हा पहिल्यापासून.

विभागणी: रूट (सिस्टीम) ४० जीबी, बाकी होम (वापरकर्त्यांच्या फाइली), स्वॅपचं पार्टिशन नाही. स्वॅपऐवजी झेडरॅम (रॅममध्येच माहिती दाबून ठेवणं), रॅमच्या निम्म्यापर्यंत, एलझेड४ दाबणीने. कोअर २ साठी एलझेड४च बरं. दाबणी थोडी कमी होते पण प्रोसेसर दमत नाही.

बटणापासून डेस्कटॉपपर्यंत ३४ सेकंद. या बोर्डावर साटा (डिस्कची जोडणी) जुनाच आहे, एसएसडी अर्ध्याहून कमी वेगाने चालते. तरी ४ मिनिटं १० सेकंदांची ३४ सेकंद झाली. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते इथे घालावेत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मराठीचा दिवस, आणि सगळ्यात जास्त डोकं इथे गेलं.

फॉन्ट सोपे: नोटो आणि लोहित देवनागरी, दोन्ही भांडारात आहेत. कीबोर्डसाठी आयबस हा वेगळा प्रोग्राम टाकण्याआधी साधा मार्ग पाहावा. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांखाली मराठीचा इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक दोन्ही थेट मिळतात, वेगळा प्रोग्राम चालत राहत नाही. तात्या इनस्क्रिप्टवाले, त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. मॅडमना मात्र इंग्रजी स्पेलिंगसारखं टंकून मराठी उमटवायची सवय; त्यासाठी आयबस आणि एम१७एन लागतंच. ते नंबर १ आणि २ साठी ठेवलं, नंबर ३ वर काढून टाकणार.

खरा गुंता जुन्या फाइलींचा. पुस्तकांची नोंदवही, ६,२०० ओळी, एक्सेलमध्ये, शिवाजी फॉन्टात. उघडली तर सगळ्या रकान्यांत इंग्रजी अक्षरांचा कचरा. फाईल बिघडलेली नाही. असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधून टीटीएफ फाईल उचलली, होममधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली, फॉन्टची यादी ताजी करणारी एफसी-कॅश ही कमांड चालवली. मजकूर दिसू लागला.

दिसणं आणि सापडणं वेगळं. युनिकोडमध्ये 'तुकाराम' टंकून शोधलं तर एकही ओळ येत नाही, कारण फाइलीत तुकाराम मराठी अक्षरांत नाहीच. म्हणजे रूपांतर करावं लागणार. एका रूपांतरकातून ३०० ओळी काढून पाहिल्या, ४१ चुकल्या. चुका दोनच जातीच्या. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. रूपांतरक ती एका अक्षरापुढे नेतो, पण पुढे जोडाक्षर असलं की मध्येच सोडतो, 'स्थिती'ची पहिली वेलांटी 'स'लाच चिकटते. आणि रफार: 'वर्ष', 'कर्ण', 'दुर्ग' यांचा रफार एक घर पुढे किंवा मागे. म्हणून पद्धत ठरवली: शंभर-शंभर ओळी रूपांतरित करायच्या, मूळ रकाना शेजारी तसाच ठेवायचा, वेलांटी आणि रफार असलेल्या ओळी डोळ्यांनी पाहायच्या. शंभर ओळींना साधारण वीस मिनिटं. मूळ रकान्याचं फॉरमॅटिंग पुसू नये. फॉन्ट बदलला की कुठली ओळ शिवाजीतली होती तेच कळेनासं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

नंबर १ तयार, आता तोच क्लोनझिलाने नंबर २ वर. दुसरी आणि तिसरी एसएसडी दुकानात होती ती घेतली, १,३५० प्रमाणे. घेताना लक्ष गेलं नाही: पहिली १२८ जीबी, या दोन्ही १२०. क्लोनझिलाने 'लक्ष्य डिस्क लहान आहे' म्हणून सरळ नकार दिला. आत भरलेलं अवघं ९ जीबी, पण तो भरलेलं पाहत नाही, डिस्कचा आकार पाहतो.

उपाय: जीपार्टेडच्या लाईव्ह पेनड्राइव्हवरून होमचं पार्टिशन आकसवलं, म्हणजे शेवटचं पार्टिशन १०० जीबीच्या आत संपेल. मग क्लोनझिलाच्या तज्ज्ञ पर्यायांत डिस्क-आकाराची तपासणी वगळण्याचा पर्याय निवडला. हे एमबीआर पार्टिशन टेबल होतं म्हणून सरळ जमलं. जीपीटीची एक प्रत डिस्कच्या शेवटी असते, तिथे आणखी खटपट पडते. दोन तास गेले. लहान डिस्कवर आधी बसवून मोठीवर क्लोन केलं असतं तर यातलं काहीच नसतं. क्लोननंतर मशीनचं नाव आणि मशीन-आयडी बदलायला विसरू नये.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नंबर ३. क्लोन २५ मिनिटांत. नव्या एसएसडीला वीज द्यायला मोकळी वायर नव्हती, जुन्या चार पिनांच्या जोडणीतून साटाचा कन्व्हर्टर घेतला, ६० रुपये. प्लास्टिक ओतून एकजीव केलेला कन्व्हर्टर घेऊ नये. आत तारा जवळ येऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. वायर दाबून बसवलेली, मागून उघडणारी जात घ्यावी.

मशीन दहा मिनिटांत मंदावत होतं. तापमान ८४ अंश. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. कूलर काढताना चारपैकी एक प्लास्टिकची खुंटी तुटली. पंधरा वर्षांचं प्लास्टिक, तुटणारच. चारही काढून ४ एमएमचे बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर, ३० रुपये. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. ५८ अंश. 'सिस्टीम हळू चालते' म्हणून चार सिस्टीम बदलण्याआधी हे पाहायला हवं होतं.

रॅम २ जीबीच ठेवली. जी३१ ला ४ जीबी चालतात, पण २ जीबीची डीडीआर२ पट्टी सेकंडहँडसुद्धा महाग सांगतात, आणि बाजारात ४ जीबीच्या स्वस्त दिसणाऱ्या डीडीआर२ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

या २ जीबीवर एक छुपी अडचण निघाली. मोठी पीडीएफ छापायला दिली की सगळं गोठायचं. डेबियन १३ मध्ये टेम्प फोल्डर डिस्कवर नसून रॅममध्ये असतं, रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतं. छपाईच्या तात्पुरत्या फाइली तिथेच साठत होत्या. सिस्टीमडीमध्ये टेम्प-डॉट-माउंट हे युनिट मास्क (कायमचं बंद) करून मशीन पुन्हा सुरू केलं, टेम्प पुन्हा डिस्कवर. ६ जीबीवाल्यांना याची गरज नाही.

व्हिडिओ: ब्राउझरमध्ये एच२६४ या व्हिडिओ-प्रकाराची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाकलं. नाहीतर साइट व्हीपी९ पाठवते, ते उलगडणं या जुन्या प्रोसेसरना जास्त जड जातं. आता नंबर १, २ वर ७२०, नंबर ३ वर ४८० विनाअडथळा.

३० नोव्हेंबर, रविवार

नेटबुक. आधी पपी लिनक्स. अख्खी सिस्टीम रॅममध्ये चढते, १ जीबीतही भरभर चालते, जुन्या नेटबुकला सगळे तीच सुचवतात. दुपारी लाईट दोनदा गेली. नेटबुकची बॅटरी मेलेली, अ‍ॅडॉप्टरवरच चालतं. पपी बदल शेवटी सेव्ह फाइलीत लिहिते. मधेच वीज गेली तर त्या बैठकीतलं सेटिंग गायब. दुसऱ्यांदा कीबोर्ड बसवायला लागल्यावर पपी बाद. ज्या गावात वीज सरळ राहते तिथे विचार करायला हरकत नाही.

मग अँटीएक्स २३, ३२-बिट, डिस्कवर पूर्ण बसवून. रिकामं १४० एमबी. डेस्कटॉपवर जी चुकली ती इथे बरोबर बसली, कारण या यंत्राला एकच काम दिलं: पुस्तक शोधणं. इंटरनेट नाही. तसंही ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची १४४ ही शेवटची मुख्य आवृत्ती. दीर्घ आधाराची १४० किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत. लिब्रेऑफिसला नोंदवही उघडायला १९ सेकंद, ग्न्यूमेरिक या हलक्या तक्त्यांच्या प्रोग्रामला ६. ग्न्यूमेरिक ठेवलं. लॉगइन झालं की नोंदवही आपोआप उघडते, बाकी मेनूला कुणी हात लावत नाही. बॅकस्पेसची कळ दमटपणाने गेलेली. बाहेरचा कीबोर्ड जोडला.

६ डिसेंबर, शनिवार

प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. त्याच्या पोटात फर्मवेअर साठत नाही, दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. एचपीलिप हे लिनक्ससाठीचं एचपीचं सॉफ्टवेअर टाकलं की प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवलं की दिवा लागत नाही, कागद हलत नाही. आम्ही तासभर केबल बदलत बसलो. सोबतचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. एचपीलिप पुढे अद्ययावत झालं की प्लगइन पुन्हा. प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवली आहे.

यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी बदलली, ९५०. नंबर १ आणि प्रिंटर वेगळ्या प्लगवर ठेवले. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला की तापताना एकदम वीज ओढतो आणि यूपीएस पडतो. गडगडाट सुरू झाला की पॉवरबरोबर लॅनची वायरही काढायची, हे भिंतीवर लिहिलं.

खर्च: तीन एसएसडी ४,१५०, रॅम पार्सलसह ७८०, परतीचं कुरिअर १४०, सेल १२०, कन्व्हर्टर ६०, पेस्ट १२०, अल्कोहोल ९०, बोल्ट-वॉशर ३०, यूपीएस बॅटरी ९५०, डेटा १२०. एकूण ६,५६०. वेळ साधारण ५२ तास, त्यातले १८ चुकांचे.

१४ डिसेंबर, रविवार

आठवड्यात एकच बिघाड. नंबर ३ सकाळी पुन्हा बीप देऊन थांबला. रॅम काढून पुसली, सुरू. चार दिवस वाचनालय बंद होतं, मशीन बंद राहिलं की दमट हवा आत बसते. पावसाळ्यात सुट्टी असली तरी रोज अर्धा तास तिन्ही चालू ठेवायचे ठरलं. आतली ऊब पुरते.

नोंदवहीच्या ९०० ओळी रूपांतरित आणि तपासून झाल्या, ५,३०० बाकी. तात्या रोज दोनशे करतात. रफाराच्या चुका आता ते पडद्यावर बोट ठेवून दाखवतात.